केस गळतायत? गुंतवळ बघून घाबरण्याआधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या मेडिकलमध्ये एका बाईंनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि काउंटरवर ठेवली. आत मुठीएवढा गुंतवळ. "ताई, आजच्या एका न्हाण्यात एवढे गेले. मुळासकट निघालेत बघा." मी त्यातला एक केस उचलून ट्यूबलाइटखाली धरला. टोकाला मोहरीहूनही बारीक पांढरा ठिपका होता. त्यालाच त्या मूळ समजत होत्या.

बहुतेकांची भीती इथूनच सुरू होते. पण तो ठिपका मूळ नव्हे. केस ज्यातून उगवतो ती बारीक पिशवी कातडीच्या आतच राहते. डोक्यावरचा प्रत्येक केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग त्याची वाढ थांबते, पुढे ३ महिने तो नुसता जागेवर बसून राहतो आणि शेवटी सुटतो. पांढरा ठिपका म्हणजे अशा विसावलेल्या केसाचं सुकलेलं टोक. त्याच जागी पुन्हा केस येतो.

ठिपका नसलेले, अर्ध्या लांबीचे तुकडे फणीत दिसत असतील तर केस गळत नाहीत, तुटतायत. ओल्या केसांत बारीक दातांची फणी, रोजचं स्ट्रेटनिंग, बोअरचं जड पाणी ही त्याची कारणं. बोअरच्या पाण्यानं केस राठ होतात हे खरं, पण मुळापासून गळण्याचा सगळा दोष त्या पाण्यावर टाकू नका. नळाला फिल्टर बसवून सहा महिने वाट बघितलेली आणि मग थायरॉइड निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

मोजत बसण्याची चूक

डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं ठीकच आहे. आठवड्यातून दोनदाच डोक्यावरून अंघोळ केली, तर तीन-चार दिवसांचे सुटलेले केस एकदम मोरीच्या जाळीवर दिसतात. लांब केसांचा पुंजका तर आणखी मोठा वाटतो. म्हणून फरशीवरचे केस मोजण्यापेक्षा डोकं बघा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, भांगाचा फोटो काढा. वेणीला रबर बँडचे तीन वेढे पुरायचे, तिथे आता चार लागतात का? माझ्या मते हा वेढा मोजलेल्या केसांपेक्षा जास्त खरं सांगतो.

काल बदललेल्या तेलाला दोष देण्याची चूक

मी त्या बाईंना विचारलं, "गणपतीत आजारी होता का?" त्या बघतच राहिल्या. डेंग्यू झाला होता, चार दिवस सलाईनवर होत्या.

ताप मोठा आला, ऑपरेशन झालं, घरात कुणी गेलं, लग्नासाठी उपाशी राहून पटकन वजन उतरवलं, की वाढीतले पुष्कळ केस एकदम विसाव्यात जातात. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरलेला असतो आणि हातात असतो नवा शाम्पू. मग शाम्पू बदलतो, तेल बदलतं, कुणी मुंबईहून काहीतरी मागवतं. ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपणहून ओसरते, आणि नेमकी त्या वेळी हातात असलेली बाटली नाव कमावते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी कॅलेंडरची तीन पानं मागे उलटा.

बाळंतिणीचंही तसंच. "बाळ आईला ओळखायला लागलं की केस जातात" असं घरातल्या मोठ्या बायका म्हणतात. काळाचा हिशेब त्यांनी बरोबर ओळखलाय. गरोदरपणात न गळलेले केस बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकत्र जातात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक आयांचे केस भरतात.

केसांची गोळी आपल्या मनानं घेण्याची चूक

आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी बायोटिनला, म्हणजे केसांसाठी खपणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाला. खरं तर बायोटिनची कमतरता क्वचित असते, आणि जास्त डोसमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. गोळी चालू असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगाच. सेलेनियम हे खनिज आणि अ जीवनसत्त्व तर जास्त झालं की उलट केस गळतात. २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांना काही दिवसांत टक्कल पडलं, तेव्हा तपासण्यांत सेलेनियमच वाढलेलं आढळलं होतं.

आपल्याकडच्या बायकांत मला जास्त दिसते ती लोहाची कमतरता. रविवारी घरात मटण शिजतं, पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात रस्सा जास्त आणि फोडी दोनच. वर जेवण झाल्या झाल्या चहा, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. हिमोग्लोबिन ठीक आलं तरी साठ्यातलं लोह कमी असू शकतं, त्यासाठी फेरिटिन बघावं लागतं. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

कोंडा असताना तेल थापू नका, तो वाढतो. मुंडण केल्यानं केस दाट येत नाहीत. आणि डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल हे केस वाढीचं औषध दिलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढलेली बघून ते सोडू नका. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात.

वाट बघू नका अशा वेळी

नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला तर ती चाई. त्यावर लसूण चोळून कातडी भाजलेली मुलं आमच्याकडे मलम मागायला येतात. तसं करू नका. लहान मुलाच्या डोक्यावर खवले धरून केस तुटत असतील तर ते गजकर्ण असू शकतं, त्याला पोटात औषध लागतं, नुसतं मलम पुरत नाही. टाळू लाल, दुखरी, पू येणारी किंवा चकचकीत झाली असेल तर त्याच आठवड्यात जा, कारण तिथली पिशवीच कायमची नष्ट होऊ शकते. भांग रुंद होत चाललाय, पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केस येतायत, थकवा जात नाही, किंवा गळती सहा महिन्यांवर गेली, तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही त्वचारोग विभाग आहे.

जाताना गुंतवळ नेला नाही तरी चालेल. मागच्या सहा महिन्यांतले आजार तारखांसह, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि भांगाचे ते फोटो मात्र न्या.