परराज्यातील विद्यापीठाचा दूरस्थ प्रवेश: परवानगीची खातरजमा आणि तक्रारीची वाट

साताऱ्यात वा सांगलीत राहून परराज्यातील विद्यापीठाची पदवी घेताना पहिला प्रश्न शुल्काचा नव्हे, अधिकारक्षेत्राचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार राज्य विद्यापीठाला दूरस्थ पद्धतीचे अभ्यासक्रम आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत. पूर्णतः ऑनलाइन अभ्यासक्रमांना मात्र ही हद्द लागू नाही. त्यामुळे माहितीपत्रकात ‘दूरस्थ’ लिहिले आहे की ‘ऑनलाइन’, हे आधी पाहावे. त्यानंतर आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नुसते नाव नव्हे, तर नेमका अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे सत्र तपासावे, कारण मान्यता सरसकट नसते.

एजंटाच्या कार्यालयात पैसे भरू नयेत. पावतीवर विद्यापीठाऐवजी एखाद्या ‘अकॅडमी’चा शिक्का दिसला, तर तिथूनच परत फिरावे, फ्रँचायझीमार्फत असे अभ्यासक्रम चालवण्यास मुळात मनाईच आहे.

प्रवेशानंतर अडचण आल्यास पावत्या व ईमेल जोडून विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करावा. आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल देणे अपेक्षित आहे. निर्णय न पटल्यास 15 दिवसांच्या आत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे (विद्यार्थ्यांची अपिले ऐकणारा अधिकारी) अपील करता येते. आयोगाच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. पैसे घेऊन एजंट पसार झाला असेल, तर तो फसवणुकीचा मामला ठरतो आणि त्यासाठी स्थानिक पोलीस ठाणेच गाठावे लागते.