वेगळी गिटार घेण्याआधी ती मनातल्या मनात विकून पाहा

तीन वर्षांपूर्वी मी माझी आठ तारांची हेडलेस (टोकाला खुंट्यांचा भाग नसलेली) गिटार विकायला काढली. नवी घेताना १ लाख ८० हजार मोजले होते. अकरा महिने एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. शेवटी बंगळुरूच्या एका मुलाने ९५ हजारांना नेली. गिटारमध्ये काडीची खोट नव्हती. पण पुण्यात आठ तारा वाजवणारी आणि वर लाखभर रुपये टाकणारी माणसं किती, हे मी घेताना धरलंच नव्हतं.

म्हणून पार्कर फ्लाय समोर आली तेव्हा पहिला प्रश्न हाच: उद्या ही माझ्याकडून घेणार कोण? केन पार्कर आणि लॅरी फिशमन यांनी १९९३ मध्ये आणलेली ही गिटार जेमतेम सव्वादोन किलोची. लाकडावर कार्बनचं पातळ कवच, स्टीलचे फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) चक्क चिकटवलेले. तिचं उत्पादन केव्हाच थांबलंय, तरी तिला शोधणारे लोक आहेत. शिवाय तारा सहाच, म्हणजे कुणीही हातात घेऊन वाजवू शकतो. माझ्या आठतारीला ही सोय नव्हती.

‘दुर्मीळ आहे, भाव चढणारच’ असं विकणारा हमखास म्हणतो. गिब्सनची फ्लाइंग व्ही १९५८ मध्ये आली आणि खप नाही म्हणून लवकरच बंद झाली. आज त्या पहिल्या गिटारींना प्रचंड किंमत येते, पण त्याला काही दशकं जावी लागली. तेवढी वाट पाहायची तयारी नसेल तर ते वाक्य हिशेबात धरू नका.

भाव बघताना लोक किती मागतायत ते सोडा, किती रुपयांना गेली ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढता येतात. मात्र अमेरिकेतला आकडा रुपयांत करून इथे चिकटवू नका. तुम्ही भरलेली कस्टम ड्युटी पुढचा माणूस भरून देईलच असं नाही.

आता तपासणी. जुन्या फ्लायमध्ये साध्या वायरींच्या जागी चपटी रिबन केबल असते. ती गेली की दुरुस्त करणारा हात शोधत फिरावं लागतं. मी अँप लावून प्रत्येक नॉब अगदी सावकाश फिरवला, साधे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) आणि पिएझो (अकूस्टिकसारखा आवाज देणारे वेगळे पिकअप) आलटून पालटून ऐकले. कुठे खरखर नाही, आवाज कुठे तुटत नाही. मग मागचं झाकण काढून ट्रेमोलोच्या (दांडी दाबून सूर हलवायच्या यंत्रणेच्या) चपट्या स्प्रिंगवरचा आकडा वाचला: १०. तारांचं गेज, म्हणजे जाडी, बदललं की ही स्प्रिंगही बदलावी लागते, म्हणून जादा स्प्रिंग आहे का तेही विचारलं. होती, केसच्या कप्प्यात.

मूळ हार्ड केस मिळत असेल तर सोडू नका. पिकअप बदललेत तर जुने जपून ठेवा. नवं भोक मात्र कधीच पाडू नका.

फ्लाय विकणाऱ्याने २ लाख ४० हजार सांगितले. घाईत विकावी लागली तर १ लाख ७० हजार हातात येतील, असा माझा अंदाज होता. घासाघीस करून २ लाखांवर आलो. फरक ३० हजारांचा. पाच वर्षं वाजवली तर महिन्याला ५०० रुपये पडतात, आणि रोज संध्याकाळी ती माझ्या मांडीवर असते.