समुद्रावरचं व्याख्यान ठरवताना आधी तिथी बघा

किनाऱ्यावरच्या गावात समुद्रविज्ञानाचं व्याख्यान ठेवलं आणि समोर शाळेची मुलं, दोन शिक्षक आणि सरपंच एवढेच बसले, तर दोष बहुतेक वेळा विषयाचा नसतो, तारखेचा असतो. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते त्या वेळी समुद्रावरच असतात. शहरातली संस्था रविवार बघून पत्रिका छापते. मच्छीमाराच्या घरात रविवारपेक्षा तिथीला जास्त किंमत असते.

म्हणून पहिली चौकशी करायची ती गावात कोणती मासेमारी चालते याची. रायगड-पालघरकडे डोल जाळी आहेत, म्हणजे प्रवाहात तोंड उघडं ठेवून रोवलेली पिशवीसारखी जाळी. डोल चालते भरती-ओहोटीच्या ओढीवर, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात डोलकर मोकळा सापडत नाही. सप्तमी ते नवमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मंदावतं, तेव्हा माणसं घरी जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. हे तुमचे दिवस. रात्री जाळी सोडणाऱ्यांचं गणित वेगळं. चांदण्यात जाळं माशाला दिसतं, त्यामुळे पौर्णिमेच्या आसपास त्यांना थोडी उसंत असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, असलेल्या गावात तर थवा किनाऱ्याला लागला की सगळा गाव दोरीला जातो. तिथे कुठलीच तारीख पक्की धरू नका, दुसरी राखून ठेवा.

जून-जुलै हे मासेमारी बंदीचे महिने. १ जून ते ३१ जुलै होड्या शाकारलेल्या, माणसं गावात, त्यामुळे हा काळ सोयीचा वाटतो आणि एका अर्थी आहेच. पण ८ जूनला जागतिक महासागर दिन म्हणून मैदानात मंडप घालणाऱ्यांनी कोकणात मृग नक्षत्र साधारण त्याच दिवशी लागतं हे विसरू नये. पावसाळ्यातला खरा शत्रू मात्र पत्रा आहे. पत्र्याच्या सभागृहात जोराची सर आली की माईक असूनही वक्त्याचं बोलणं तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. कौलारू शाळा किंवा स्लॅबचं समाजमंदिर शोधा. शिमगा, गावची जत्रा आणि गणपती या दिवसांच्या वाटेला जाऊ नका. चाकरमानी गावात असतात हे खरं, पण त्यांना आरती आणि पालखीतून सवड नसते.

वेळ लिलावावर ठरते. हर्णैसारख्या बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो, तिथे पाचचा कार्यक्रम म्हणजे रिकाम्या खुर्च्या. साडेसातला सुरू करा आणि नऊच्या आत संपवा. बायका यायला हव्या असतील (आणि त्या यायलाच हव्यात, कारण मासळीचा आकार, भाव आणि हंगाम त्यांच्याइतका कोणी बघत नाही) तर बाजार उरकून त्या घरी येतात त्या दुपारी, बचत गटाच्या बैठकीला जोडून, वेगळं सत्र ठेवा. रात्रीच्या सभेत त्या मागे भिंतीला टेकून बसतात आणि प्रश्न विचारत नाहीत. दुपारी त्याच बायका वक्त्याला हैराण करतात.

आता विषय. एका व्याख्यानाला एकच प्रश्न घ्या आणि तो गावात आधीच विचारला जात असलेला घ्या. ‘सागरी परिसंस्थेचं संवर्धन : आव्हानं आणि उपाय’ असं फलकावर लिहिलं की लोक भाषण समजून घरी राहतात. ‘पावसानंतर तळाचं मासं वर का येतं?’ असं लिहा. या प्रश्नामागे भक्कम विज्ञान आहे. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातलं, कमी प्राणवायू असलेलं पाणी उथळ तळावर सरकतं. वर नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली मिसळत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान तळाजवळ हे जास्त जाणवतं. गोव्याच्या दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) हे पाणी वर्षानुवर्षं मोजलं आहे. ऐकणाऱ्याला परिणाम ठाऊक असतो, कारण वक्त्याकडे असतं, आणि सभा तिथे जमते.

वक्ता कुठून आणायचा? रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, गोव्याची संस्था सिंधुदुर्गाला जवळ पडते, जिल्ह्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. किमान सहा आठवडे आधी लेखी पत्र पाठवा. पत्रात श्रोते कोण, भाषा मराठी, वेळ ३० मिनिटं आणि त्यानंतर ३० मिनिटं प्रश्न, हे स्पष्ट लिहा. प्रश्नांची अर्धी वेळ अजिबात कमी करू नका. वक्त्याशेजारी गावातला एखादा जुना तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, बसवा. सत्काराचा नारळ देऊन गप्प बसवण्यासाठी नाही. वक्ता एक भाग सांगेल, मग तांडेल ‘आमच्याकडे असं दिसतं’ म्हणून सांगेल, अशी आधीच वाटणी करून द्या. दोघांची अर्धा तास तरी आदल्या दिवशी गाठ घालून द्या, नाहीतर मंचावर दोघंही संकोचतात.

माशांच्या नावांवर सभा हमखास अडते. एकच मासा दापोलीत एका नावाने, मालवणात दुसऱ्या नावाने आणि वक्त्याच्या कागदावर लॅटिन नावाने असतो. यावर उपाय एकच : वक्त्याच्या सादरीकरणातले माशांचे फोटो छापून आदल्या आठवड्यात मासळी विकणाऱ्या तीन-चार बायकांना दाखवा आणि त्या म्हणतील ते नाव फोटोखाली घाला. एक नाव चुकलं की मागून हशा येतो आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात.

दाखवायचा प्रयोग एखादाच, पण तो चालायला हवा. वर सांगितलेल्या विषयासाठी खाडीचा प्रयोग उत्तम. एक लिटरची सरळ भिंतीची काचेची बरणी घ्या. अर्धा लिटर पाण्यात १८ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण तीन सपाट चहाचे चमचे, विरघळवून त्यात खाण्याचा निळा रंग चार थेंब टाका. हे झालं समुद्राचं पाणी. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, तेच प्रमाण इथे धरलं आहे. बाजारातल्या मिठाने पाणी गढूळ होतं, म्हणून दहा मिनिटं निवळू द्या. मग दुसऱ्या भांड्यातलं साधं पाणी लाल रंगवून, चमचा उपडा धरून बरणीच्या काचेला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून धार सोडा, करंगळीपेक्षा बारीक. लाल वर, निळं खाली, मध्ये स्पष्ट रेघ. धार जाड झाली की सगळं जांभळं होतं आणि मग बरणी धुवून पहिल्यापासून करावं लागतं. यासाठी मीठपाणी दुप्पट करून ठेवा.

काही जण हौसेने खरं समुद्राचं पाणी बादलीत आणतात. कल्पना चांगली, पण पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी भरलेली बादली इतकी गोडसर असते की थर नीट पडत नाहीत. उलटही होतं : किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि ते ‘गोडं’ पाणी म्हणून वापरलं तर रेघ पुसट येते. थर लागल्यावर एका मुलाला नळीने वरून हळू फुंकर मारायला सांगा. वारा वरचं पाणी ढवळतो, खालचं तसंच राहतं, हे ज्याला दिसलं त्याला प्राणवायूची गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही.

शिंपल्यावर व्हिनेगर ओतून फेस दाखवण्याचा प्रयोग मात्र टाळा. समुद्राचं पाणी आम्लतेकडे झुकतंय म्हणजे त्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) ८.२ वरून ८.१ च्या जवळ आलाय. ते अजूनही अल्कधर्मीच आहे. व्हिनेगर बघून माणसं ‘समुद्र आता शिंपल्या विरघळवणार’ असं घेऊन घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी खडकावर कालवं जागच्या जागी दिसली की सगळ्याच विज्ञानावरचा विश्वास उडतो. हा आकडा लहान दिसतो पण मोजपट्टीच अशी आहे की त्याचा अर्थ आम्लता पावपटीहून जास्त वाढली, एवढं तोंडी सांगितलं तरी पुरे.

टेबलावर नमुने मांडायची हौस असेल तर थांबा. प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे, समुद्री काकडी आणि कासवाची पाठ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोणाच्या तरी शोकेसमध्ये वर्षानुवर्षं आहे म्हणून ते मांडता येत नाही. फोटो दाखवा. त्यापेक्षा उपयोगी वस्तू म्हणजे १३५ मिलिमीटर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्यात पापलेटाचा १३५ मिलिमीटर आहे. पट्टी हातोहात फिरवा. बाजारात त्या पट्टीपेक्षा लहान काय काय विकलं जातं यावर सभागृह आपोआप बोलू लागतं.

उपकरणांबद्दल थोडक्यात. प्रोजेक्टर ३,००० ल्युमेनच्या खाली नको. शेवटची रांग पडद्यापासून १२ मीटरवर असेल तर पडदा दोन मीटर रुंद हवा. पडदा म्हणून चादर लावत असाल तर खालची कड बांबूला गुंडाळून बांधा, कारण खारं वारं आलं की नकाशा हलू लागतो. वातानुकूलित गाडीतून आणलेला प्रोजेक्टर दमट सभागृहात लगेच लावला तर भिंगावर बाष्प धरतं, तो २० मिनिटं उघडा ठेवून मग सुरू करा. सादरीकरण पीडीएफ करून घ्या, नाहीतर शाळेच्या संगणकावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. वीज जाणारच असं धरा : १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी असलेला इन्व्हर्टर प्रोजेक्टर आणि ध्वनिवर्धक मिळून सुमारे दोन तास ओढतो. पंखे त्यावर लावू नका. ध्वनिवर्धकाची पोलीस ठाण्याची परवानगी आठवडाभर आधी घ्या. चहा स्टीलच्या पेल्यांत द्या. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा थर असतो, आणि किनाऱ्यावरच्या कचऱ्याबद्दल बोलून झाल्यावर हे दाखवून देणारा एक तरी माणूस सभेत असतोच.

प्रश्नोत्तरांत पर्ससीन (थव्याला घेरून टाकणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांची मासेमारी हे विषय येणार. ते टाळले तर वक्ता घाबरला असा अर्थ निघतो. सूत्रसंचालकाने आधीच दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राच्या. आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. विज्ञानाचा भाग वक्ता सांगेल, कारवाई का होत नाही हे त्याला विचारू नका असं सुरुवातीलाच नम्रपणे सांगून टाका. अधिकाऱ्यांना बोलवायचं असेल तर श्रोत्यांत बसवा. मंचावर बसवलं की व्याख्यानाची तक्रार-सभा होते. एक प्रश्न मात्र हमखास चांगला येतो : जाळ्यात कासव आलं तर काय करायचं? जाळं कापून संरक्षित जीव सोडला तर राज्याकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा चित्रफीत आणि कापलेल्या जाळ्याचा पुरावा ठेवा, हे वक्त्याला सांगता यायला हवं. वेळास, आंजर्ले, गुहागर या बाजूला तर ते ठाऊकच असतं, तिथे प्रश्न पुढचा येतो : वाळू तापली तर पिल्लं माद्याच का निघतात? कासवाचं लिंग घरट्याच्या तापमानावर ठरतं, जास्त उबेत माद्या होतात. घरट्यावर सावली धरण्याचा मुद्दा इथून निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकावर फेरी ठेवली तर व्याख्यानाला जोड मिळते, पण इथे तिथीचं गणित उलटं लागतं : फेरीला उधाण हवं, कारण उधाणाच्या ओहोटीला खडक सर्वांत जास्त उघडा पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ येते. द्वितीया असेल तर दीड वाजता भरती आणि त्यापुढे सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेआठच्या सुमारास, ओहोटी. हा नुसता अंदाज आहे, दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते, म्हणून जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघूनच वेळ छापा. भांगात व्याख्यान आणि उधाणात फेरी हे एका दमात जमणार नाही. डोलीच्या गावात दोन्हींत आठवड्याचं अंतर पडतं, ते पडू द्या.

ओहोटीच्या तळाआधी एक तास खडकावर पोचा आणि तळानंतर अर्ध्या तासात मागे फिरा. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं चढतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी पाव हिस्सा. दोन मीटरच्या भरतीत म्हणजे तासाला अर्धा मीटर. खडकामागची चर आधी भरते आणि माणसं पुढे डबकी बघत राहतात, अडकणं होतं ते असं. एका मार्गदर्शकामागे १५ पेक्षा जास्त जण नकोत, पायात पकड असलेली बंद चप्पल हवी, कारण कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. उचललेला दगड होता तसाच, होती तीच बाजू खाली करून, परत ठेवायचा. खालच्या बाजूला चिकटलेली अंडी उन्हात तासाभरात वाळतात.