धोकादायक जंतूंच्या कायद्यातील बदल प्रयोगशाळेत कसे अमलात आणावेत

पाषाणला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा असल्यामुळे धोकादायक जंतू आणि त्यांच्या कचऱ्याबाबतचे नियम तिथल्याच लोकांसाठी आहेत, असा समज पुण्यातील लहान प्रयोगशाळांत आढळतो. तो चुकीचा आहे. क्षयाच्या जंतूंचे कल्चर करणाऱ्या, म्हणजे तपासणीसाठी ते वाढवणाऱ्या पेठेतील प्रयोगशाळेलाही जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू होतात.

सुरुवातीला पर्यावरण संरक्षण अधिनियम 1986, त्याखालील धोकादायक सूक्ष्मजंतूंबाबतचे 1989 चे नियम आणि 1998 च्या नियमांच्या जागी आलेले 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम यांच्या दुरुस्तीसह प्रती मिळवाव्यात. बदललेल्या प्रत्येक तरतुदीसमोर ते काम आपल्याकडे कोण करणार, त्याचे नाव लिहावे.

शिक्षेचा बदल नीट समजून घ्यावा. पूर्वी 1986 च्या अधिनियमाच्या उल्लंघनासाठी 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होते. जनविश्वास अधिनियमामुळे 1 एप्रिल 2024 पासून त्याऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांची शास्ती आली असून ती न्यायालयाऐवजी सरकारने नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. कैद गेली म्हणून कायदा सैल झाला, असे कृपया समजू नये. चौकशीत आपल्या नोंदीच आपली बाजू मांडतात, म्हणून कचऱ्याच्या नोंदी नियमाप्रमाणे 5 वर्षे जपाव्यात आणि वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत पाठवावा.

सर्वाधिक चुका कल्चरच्या प्लेट टाकताना होतात. 2016 च्या नियमांनुसार सूक्ष्मजीवशास्त्राचा कचरा आणि रक्ताचे नमुने कचरा नेणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देण्यापूर्वी जागेवरच निर्जंतुक करायचे असतात, आणि तरीही ते पिवळ्या पिशवीतच, बारकोडसह जातात. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) 121 अंश सेल्सिअस आणि 15 पौंड दाबावर किमान 60 मिनिटे ठेवावे. घाईत 20 मिनिटांवर भागवणे धोक्याचे आहे, कारण गच्च भरलेल्या पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ उशिरा पोहोचते. म्हणून पिशवी सैल भरावी आणि जीवाणूंच्या बीजाणूंची पट्टी पिशवीच्या मधोमध ठेवून ते बीजाणू मेले का, याची तपासणी करावी.

जनुकीय बदल केलेल्या किंवा धोकादायक जंतूंवर संशोधन होत असल्यास संस्थेची जैवसुरक्षा समिती हवी, आणि जंतू बाहेर पडल्यास काय करायचे याचा तिने केलेला आराखडा जिल्हास्तरीय समितीकडेही द्यावा. या समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. कल्चर परदेशी पाठवायचे असेल, तर निर्यात परवान्याची गरज आधी तपासावी.

शेवटी, पिशव्या उचलणाऱ्या मावशींना हे सारे मराठीत समजावून सांगावे, सांडलेले कल्चर आवरण्याचा सराव त्यांच्यासह करावा, आणि त्यांना काविळीची (हिपॅटायटिस बी) व धनुर्वाताची लस दिल्याची तारीख कचऱ्याच्या नोंदींच्या वहीतच लिहावी.