घरातील सांडपाण्यासाठी कर्दळीचा वाफा आणि ओल्या कचऱ्यासाठी गांडुळांची टाकी

नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने विकसित केलेल्या 'फायटोरिड' पद्धतीत सांडपाणी खडीच्या थरातून, पृष्ठभागाखालून वाहते आणि वनस्पतींच्या मुळांभोवती वाढणारे जिवाणू त्यातील सेंद्रिय घाण खातात. हेच तत्त्व अंगणात लहान प्रमाणावर वापरता येते.

रोजच्या सुमारे 200 लिटर पाण्यासाठी 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद व 60 सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्यात जाड प्लास्टिक अंथरावे. दोन्ही टोकांना मोठे दगड आणि मधे 10 ते 20 मिलिमीटरची खडी भरून कर्दळ किंवा पाणकणीस लावावे. बाहेर जाणाऱ्या नळीची पातळी खडीच्या पृष्ठभागापेक्षा 10 सेंटिमीटर खाली ठेवावी. पाणी उघडे राहिले नाही की डासही होत नाहीत. स्वयंपाकघरातील तेलकट पाणी आधी चरबी अडवणाऱ्या कुंडीतून सोडावे, अन्यथा खडी लवकर तुंबते. शौचालयाचे पाणी यात मुळीच सोडू नये, आणि बाहेर पडणारे पाणी फुलझाडांनाच द्यावे.

ओल्या कचऱ्यासाठी आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे घ्यावीत. त्यांना 35 अंशांवरील उष्णता सोसत नाही आणि नागपुरातील मे महिना तर 45 अंशांपर्यंत जातो. म्हणून टाकी दाट सावलीत ठेवून ओले गोणपाट झाकावे. संत्र्याची साले, नागपुरात ती मुबलकच, थोडीच आणि अर्धवट कुजवून घालावीत.