बोटीच्या इंजिनाचा तापमानदर्शक काटा चुकतो तेव्हा

काटा अचानक लाल पट्ट्यात गेला, तर दोष मीटरचाच आहे असे गृहीत न धरता इंजिन बंद करावे आणि थंड करणाऱ्या पाण्याचा प्रवाह अडला आहे का, हे आधी पाहावे. प्रवाह ठीक असल्यास, पेट्रोलची वाफ साचलेली नाही याची खात्री करून, इंजिन न चालवता नुसती किल्ली फिरवावी आणि मीटरच्या ‘एस’ टोकाची, म्हणजे इंजिनाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारी, तार सोडवावी. साध्या काट्याच्या मीटरमध्ये काटा थंड बाजूला परतला, तर सेन्सर बिघडला आहे किंवा त्याची तार इंजिनाच्या धातूला टेकली आहे, आणि तो हललाच नाही, तर मीटर बदलावे. काटा कायम थंडच राहत असल्यास ‘एस’ व ‘जी’ (ग्राउंड, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूचे) ही टोके क्षणभर जोडावीत. चांगल्या मीटरचा काटा कमाल अंकाकडे झेपावतो. मात्र नवा सेन्सर विकत घेण्याआधी खाऱ्या हवेने हिरवी पडलेली टोके घासून पाहावीत, कारण माझा पहिला संशय नेहमी त्यांच्यावरच असतो.