इंजिनच्या हेडमध्ये तुटलेला स्टड काढताना

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारा पाइप) हेडला धरून ठेवणारे स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, सतत तापतात, निवतात. त्यात मुंबईची खारी हवा, मग नट गंजून जाम होतो. पाना फिरतोय पण नट ढिला होत नाही, हाताला रबरासारखं लवचिक लागतं, याचा अर्थ स्टड पिळवटतोय. तिथेच थांबा. रस्ट पेनेट्रंट (गंजात शिरणारं तेल) मारून रात्रभर ठेवा, मग पाव फेरा पुढे, पाव मागे असं करत सोडवा.

तुटलाच आणि ५-६ मिमी बाहेर उरला असेल, तर व्हाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) लावा. दोन नट मावतील इतका उरला असेल आणि आटे शाबूत असतील तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून आतला नट उलटा फिरवा.

पृष्ठभागालगत तुटला असेल तर ईझी-आउटकडे (स्टडमध्ये भोक पाडून उलटा फिरवायचं हत्यार) धावू नका. आधी वेल्डिंगवाल्याला बोलवा. तुटक्या टोकावर नट ठेवून आतून मिग वेल्ड (तारेचं वेल्डिंग) भरला की उष्णतेने गंजाची पकड सुटते, फिरवायला नटही मिळतो. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर स्टीलचा वेल्ड त्याला धरत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पेनेट्रंट पुसा. सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये हे काम करूच नका.

वेल्डिंग जमत नसेल तर ड्रिल. सगळा खेळ मध्यबिंदूचा आहे. टोक कानशीने सपाट करून सेंटर पंच मारा आणि दोन्ही बाजूंनी निरखून बघा, कारण बिट सरकला की तो मऊ ॲल्युमिनियमच खात जातो. कमी वेग, कटिंग ऑइल, आधी ३ मिमी, मग ५. उलट्या फिरणारे बिट मुंबईच्या हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला विचारा. कधीकधी त्यांनीच स्टड बाहेर येतो.

ईझी-आउट शेवटी, तोही हलक्या हाताने. तो आत मोडला तर साधा एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) बिट त्याला कापत नाही. मग कार्बाइडचा बिट किंवा स्पार्क इरोजनच (ठिणग्यांनी धातू झिजवणारं मशीन).

एम८ × १.२५ (८ मिमी जाड, आट्यांत १.२५ मिमी अंतर) चा स्टड असेल तर भोक ६.८ मिमीपर्यंत न्या, उरलेली स्प्रिंगसारखी आट्यांची कडी टोच्याने उचका आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. टॅपला ग्रीस लावा, कीस त्यालाच चिकटतो. पोर्टमध्ये (हेडमधलं धूर बाहेर पडायचं भोक) आधीच कापड कोंबलेलं असू द्या. आटेच गेले तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी. नवा स्टड अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून बसवा, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.